आता हसा

जप्तीची नोटीस घेऊन आलेल्या बँकेच्या माणसाला म्हातारीनं दारातच अडवलं. "कर्ज? मी कधी काढलं?"

दुसऱ्या दिवशी ती बँकेच्या तपास अधिकारी बाईंसमोर बसली होती. एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला धाकटा मुलगा. दोन वर्षांपूर्वीच्या पक्षाघातानं तिचा अर्धा चेहरा ओघळला होता. बोलताना ओठांचा एकच कोपरा हलायचा. लेक अधूनमधून रुमालानं तिची हनुवटी टिपत होती.

कर्ज गेल्या वर्षी निघालं होतं, घर तारण ठेवून, सगळं मोबाइलवरून. ओळखपत्र फोनच्या पाठीला टेकवायचं, फोन त्यातली चिप वाचतो. मग कॅमेऱ्यात बघायचं. समोर जिवंत माणूस आहे याची खात्री पटावी म्हणून यंत्र मान वळवायला सांगतं, हसायला सांगतं. चिपमधल्या फोटोशी चेहरा जुळला की काम झालं. कॅमेऱ्यातला चेहरा बँक साठवत नाही. 'जुळला' एवढीच नोंद उरते. पैसेही म्हातारीच्या नावानं अशाच रीतीनं उघडलेल्या खात्यात गेले आणि तिथून रोख निघाले.

बाईंच्या वरच्या साहेबांनी सकाळीच निकाल देऊन टाकला होता. चिप खरी, चेहरा जुळलेला. म्हातारी आता कानांवर हात ठेवतेय. काही सिद्ध झालं नाही, तर घर जाणार होतं.

बाईंनी मुलापासून सुरुवात केली. "आईचा फोन कोण वापरतं?"

"मीच, मॅडम. बिलं भरतो, औषधं मागवतो." त्याचा आवाज चढला. "म्हणून चोर मीच का? ओळखपत्र तर कपाटात असतं."

"बघू."

ते लेकीच्या पर्समधून निघालं. व्यायामाला नेताना दवाखान्यात मागतात, म्हणून जवळ ठेवते, असं ती म्हणाली. भाऊ तिच्याकडे बघतच राहिला. त्याला हे ठाऊक नव्हतं.

ओळखपत्रावरचा फोटो झिजून पुसट झाला होता. बाईंनी तो उजेडात धरला. "लेक तुमच्यावर गेलीय का हो, आजी?"

"मी बाबांवर गेलेय," लेकच बोलली. म्हातारीनं मान वर करून लेकीकडे पाहिलं.

बाईंनी फोन चिपला टेकवला आणि म्हातारीसमोर धरला. मान वळवा. तिनं वळवली. आता हसा.

म्हातारीनं जीव एकवटला. उजवा कोपरा थोडा उचलला, डावा तसाच लोंबत राहिला. चेहरा जुळत नाही, यंत्र म्हणालं. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"चोर आईपेक्षा जास्त आई निघाला की," मुलगा कडवट हसला.

"तसंच झालंय," बाई म्हणाल्या. "पक्षाघातानंतर ही पडताळणी आजींकडून झालीच नसती. यंत्र त्यांना ओळखत नाही. मग गेल्या वर्षी हसलं कोण?"

त्यांनी संगणकाचा पडदा वळवला. चिपमधला फोटो कार्डावरच्यासारखा झिजत नाही. नऊ वर्षांपूर्वीची आई समोर आली: भरलेले गाल, रुंद कपाळ, किंचित वर चढलेली एक भुवई. मुलानं फोटो पाहिला. मग हळूहळू त्याची नजर बहिणीकडे वळली.

"ताई..."

"तुमच्याकडून हे होणं शक्यच नव्हतं," बाई त्याला म्हणाल्या. "कार्ड लागतं आणि हा चेहरा लागतो. कार्ड यांच्या पर्समध्ये होतं. चेहरा आजींनीच यांना दिलाय. आई आजारानं त्या फोटोपासून लांब गेली, लेक वयानं त्याच्यापाशी येऊन पोचली. नाहीतर मी साधं विचारलं, तेव्हा यांनी बाबांचं नाव घाईनं पुढे का करावं?"

लेकीचा रुमाल हवेतच थांबला. नवऱ्याचा धंदा बुडाला होता, ती पुटपुटली. वर्षभरात फेडणार होते. आईला कळूही दिलं नसतं.

म्हातारी पडद्यावरच्या स्वतःला बघत होती.

"यंत्रानं हसायला सांगितलं," तिनं सावकाश विचारलं, "तेव्हा हसलीस का गं?"

लेकीनं रुमाल तिच्या हनुवटीकडे नेला.

म्हातारीनं तिच्या हातातला रुमाल काढून घेतला आणि आपली हनुवटी आपणच पुसली. मग बाईंकडे वळली.

"लिहा. ती मी नव्हते."