निरोपाचं कडवं

त्या गाण्याचं शेवटचं कडवं मीच कापलं. आमच्या ओझुर्गेती गावच्या गायकमंडळाचा मी तेव्हा म्होरक्या होतो. गाणं सात मिनिटांचं, रंगमंचावर मिळायची चार. पहिली तीन कडवी धन्यांच्या स्वागताची, शेवटचं त्यांना वाटेला लावायचं. स्वागत गोड, म्हणून तेच ठेवलं. पुढे गाणं असं गाजलं, की लग्नात, हॉटेलात, लोकांच्या फोनवर, जिथे तिथे तीनच कडवी. मला अभिमान होता त्याचा, खोटं कशाला बोलू?

मार्चमध्ये माझ्या सहा वर्षांच्या नातीला, तेकलाला, गोवर निघाला. तिची आई इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करते. पोर माझ्याच जिवावर. डॉक्टरीणबाई औषध देऊन गेल्या. ताप उतरेना. चौथ्या दिवशी दुपारी माझी थोरली बहीण देस्पिना लाल चादर घेऊन आली. आमच्याकडे गोवर म्हणजे घरी आलेले धनी. त्यांच्यासमोर यजमानाने रडायचं नाही, भांडायचं नाही. लाल कापड, गोडधोड आणि ते गाणं.

"म्हणजे डॉक्टरीणबाई उगाच शिकल्या?" मी म्हणालो.

"हळू बोल, एरमिले. पाहुणे ऐकतायत. गा."

गायलो. तिचा आवाज वरचा, माझा खालचा. खोलीत गुलाबांचा वास आला. मार्चमध्ये आमच्या अंगणात गुलाब नसतात.

तेकलाने डोळे उघडले. "आजोबा, त्यांना जायचंय. पण निरोप कुणी देतच नाही."

"म्हण ना ते कडवं," देस्पिना कुजबुजली.

"तुला येतं ना?" मी विचारलं.

"वीस वर्षं तुझंच गाणं ऐकतेय मी. ते कडवं माझ्याही डोक्यातून गेलं."

मी तोंड उघडलं. चाल आठवली, शब्द एकही नाही. ओघात आठवेल म्हणून पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा स्वागतच झालं. वास इतका दाटला, की श्वास घेववेना.

तेकला उठून बसली. मी कपाळाला हात लावला. गार.

मग तिने ते कडवं म्हटलं. शब्दन् शब्द. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणताना ती दाराकडे बघत होती.

दार हळूच उघडलं. मिटलं.

वास गेला नाही.

तिची आई फोनवर आनंदाने रडली. देस्पिना तेव्हापासून आमच्याकडे फिरकलेली नाही. तेकला ठणठणीत आहे, खेळते, हसते. पोर फार गुणाची झाली, असं शेजारीण म्हणते. मक्याच्या भाकरीचा तुकडासुद्धा ती आधी विचारून घेते.

"घेऊ का, यजमान?"