आन्सेल्मच्या चुका

त्या दिवशी मी स्वरलिपीची राहिलेली पानं पोचवायला गेले होते, एवढंच. नोव्हेंबरची दुपार. पॅरिसवर ओलं धुकं. तालमीच्या दालनात गॅसचे दिवे अर्धेच लावलेले, आणि खुर्च्यांच्या मखमलीला कुबट वास. संगीतकारांची कैवारी संत सेसिलिया, तिला मी नऊ दिवसांची प्रार्थना बोलले होते, तिचा तो नववा दिवस. मागणं एकच: माझ्या नवऱ्याचं, आन्सेल्मचं, संगीत एकदा तरी वाजू दे.

तो असताना कुणी वाजवलं नाही. संगीतशाळेत जे दोन सूर जोडीने चालवायला मनाई, तेच तो मुद्दाम चालवायचा. मंगळवारी कवी, चित्रकार घरी जमत. माझं कांद्याचं सूप ओरपत त्याला क्रांतिकारक म्हणत. दफनाला त्यातले दोघे आले.

शेवटी वाद्यवृंदाच्या मंडळाने अट घातली, वाजवायचं तर आधी त्या चुका दुरुस्त करा. मी सही दिली. त्याचा मित्र बिदो स्वरलिपीच्या नकला करायचा; त्यानेच प्रत्येक वादकाचं पान सुधारून लिहिलं.

"त्याला राग येईल का हो, बिदो?" तालीम सुरू होण्याआधी मी शेजारी बसलेल्या त्याला हळूच विचारलं.

"आता कसला राग, वहिनी? जिवंतपणी काय कमी केला?"

संचालक कोर्बेसाहेबांनी छडी उचलली. दोन बासऱ्या सुरू झाल्या. दुसरी बासरी जुनेच सूर वाजवत होती.

कोर्बे थांबले. "पानावर आहे तेच वाजवा."

"तेच वाजवतोय, साहेब."

"म्हणजे माझे कान बिघडलेत?"

"तसं कसं म्हणेन... नोकरी आहे."

बिदोने जाऊन पान पाहिलं. अक्षर त्याचंच, दुरुस्तीही जागेवर. पुन्हा सुरुवात झाली. पुन्हा तेच सूर. वादकाने घाबरून बासरी मांडीवर ठेवली.

सूर थांबला नाही...

एकेक वाद्य गप्प झालं. कोर्बेंनी वही मिटली. "बाई, हे आमच्याकडे वाजणार नाही. कधीच नाही."

"वहिनी... चला," बिदो पुटपुटला.

मी उठले नाही. सही केली म्हणून मनातल्या मनात माफी मागत राहिले. सगळे निघून गेले. सूर मात्र लांबतच होता. फुंकणाऱ्याला कुठेतरी श्वास घ्यावाच लागतो. त्या श्वासाची मी वाट पाहत बसले.

तो आलाच नाही.