ठेवणीतला कचरा

"शीऽऽ! आज तर कहर झाला!" भोपळ्याने एका हाताने नाक दाबून दुसऱ्या हाताने पुस्तकं टेबलावर आदळली. "मेलेला उंदीरसुद्धा इथून उठून पळेल!"

आत्याच्या वाचनखोलीत सुट्टीभर हा कुजका वास भरलेला होता. आत्या आणि तिच्या दोन मैत्रिणी खोली फुकट चालवत, दारोदार फिरून पुस्तकं जमवत. पण भाडं काही दारोदार जमत नाही! उद्या अनुदान देणाऱ्या संस्थेच्या बाई येणार होत्या. वरच्या मजल्यावरची ही खोली आणि तळमजल्यावरचा नदीकाठ स्वच्छता संघ, या दोघांपैकी एकालाच पैसे मिळणार होते. नाही मिळाले, तर वाचनखोलीला टाळं.

आत्याची भाची सदा चष्मा लावून पुस्तकात बसलेली, म्हणून तिचं नाव घुबड; तिचा गोलमटोल मित्र तो भोपळा. तिने खिडकीतून वाकून हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. "उंदीर नाही. वास संघाच्या खोलीतून येतोय."

"सचिवकाकांना विचारलं मी," आत्या म्हणाली. "म्हणाले, जुनी इमारत, चालायचंच."

"नदी साफ करणाऱ्यांच्याच घरात घाण? दिव्याखाली अंधार!" भोपळा म्हणाला.

"उद्या सकाळी बघू या," घुबड म्हणाली.

"मी पण!" तिचा धाकटा भाऊ ओरडला. तो कायम मागे लोंबकळे, म्हणून शेपूट.

सकाळी तिघं जिन्याआड दबा धरून बसले. तळमजल्याचं दार उघडलं आणि वासाचा असा लोट आला, की शेपटाला उमासाच आला! घुबडीने पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. सचिवकाका आणि त्यांचा जावई फुगलेली पोती हातगाडीवर चढवत होते.

गाडी निघाली नदीकडे. तिघं झुडपाझुडपांतून मागे.

नदीकाठ स्वच्छ होता. जावयाने पोतं उपडं केलं. काळ्या पडलेल्या चिंध्या, बुरशीची पांढरी लव आलेली उशी, चिकट बाटल्या, काहीतरी बुळबुळीत हिरवं!

"मामा, मागच्या वर्षी ओलाच भरून ठेवला, म्हणून एवढा वास," जावई कुरकुरला.

"वास फोटोत दिसत नाही! ती उशी पुढे घे, फोटोत उठून दिसते. आणि नीट टाक, संध्याकाळी परत भरायचाय."

झुडपात तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ठेवणीतला कचरा!" भोपळा पुटपुटला. "आमची आई ठेवणीतल्या साड्या जपते तसा!"

घुबडीला हसू आलं नाही. ती बुळबुळीत उशी तिला एकाएकी कमी किळसवाणी वाटायला लागली. इस्त्रीचा सदरा घालून, घाणीत उभं राहून खुशाल हसणारा माणूस जास्त!

"आत्याला सांगू या," शेपूट म्हणाला.

"काका कानावर हात ठेवतील. आपलं कोण ऐकणार?" घुबडीने बाह्या सरसावल्या. "त्यापेक्षा आपण नदीकाठ स्वच्छ करू या."

"हाताने? त्या उशीला? मी?" भोपळा किंचाळायच्या बेतात होता.

"हो, तूच!"

थोड्या वेळाने काठावर बाईंसाठी उभारलेला संघाचा मंडप गजबजला. नव्याकोऱ्या टोप्या घातलेली संघाची माणसं मंडपामागे चहावर तुटून पडली. जावई भोंग्याच्या तारांशी झुंजत होता. अनुदानाच्या बाई आणि आत्या नदीकडे तोंड करून बसल्या. सचिवकाका नदीकडे पाठ करून भाषणाला उभे राहिले.

काकांचं भाषण म्हणजे मारुतीचं शेपूट! तेवढ्यात तिघांनी संघाच्या उरलेल्या टोप्या चढवल्या आणि वाकून वाकून पोती भरली. बुरशीची उशी भोपळ्याच्या हातात फुटली. "आईऽगं!" तो दात आवळून कण्हला, पण थांबला नाही. रस्त्यावरून कचऱ्याची गाडी चालली होती. शेपूट धावत आडवा गेला आणि शेवटचं पोतंही गाडीत पडलं.

बाई सगळं बघत होत्या. आत्या तर खुर्चीतून अर्धी उठलीच होती.

"...आणि आता पाहा, बाई, आपल्या नदीची ही दारुण अवस्था!" काका हात पसरून वळले.

काठ लखलखीत!

"अरे! कचरा कुठे गेला?"

"कचऱ्याच्या गाडीत!" शेपूट अभिमानाने ओरडला.

"मूर्खांनो! पुढच्या वर्षी काय उचलायचं मग?"

बाई सावकाश उठल्या. "म्हणजे दरवर्षी आम्ही याच कचऱ्याला पैसे दिले? शी!"

घुबडीने सकाळपासूनचं सगळं सांगितलं. जावयाने मान खाली घातली. काका मात्र "बाई, गैरसमज..." करत राहिले.

"वाचनखोली दाखवता?" बाई आत्याला म्हणाल्या.

वर खिडक्या उघडल्या होत्या, तरी वास रेंगाळत होता. हात घासून घासून धुतले तरी भोपळा बोटं हुंगतच होता.

"रोज किती मुलं येतात?" बाईंनी विचारलं.

आत्या चाचरली. "तशी... चाळीसेक..."

घुबडीला काकांचा इस्त्रीचा सदरा आठवला. "नाही, आत्या! सहा येतात. त्यात आम्ही तिघं."

आत्याचा चेहरा उतरला. मग ती हळूच म्हणाली, "सहाच. पोरगी खरं बोलतेय."

बाईंनी एक पुस्तक उचललं आणि खुर्ची ओढून बसल्या. "इतकी वर्षं मंडळं पाहतेय. सगळीकडे शंभरच मुलं असतात! सहा मुलांची वाचनखोली आज पहिल्यांदा पाहिली. हिचं भाडं आमच्याकडे लागलं."

आत्याने तिघांना जवळ ओढलं. "शाबास रे माझ्या वाघांनो!" आणि लगेच नाक दाबलं. "आधी आंघोळीला पळा!"