इंजिनाच्या जागी पाण्याचे कॅन

मास्तरांनी बोटीतलं इंजिन काढलं, तेव्हा बायकोने दोन दिवस अबोला धरला होता. शिडाची ही बोट मास्तरांच्या वडिलांची. वडिलांचा एक शिरस्ता होता. इंजिन सुरू करण्याआधी झाकणावर पान्याने तीन टकटक, आणि धक्क्याला लागून बंद केलं की एक. "तीन म्हणजे चल, एक म्हणजे झोप," ते म्हणायचे. गेल्या वर्षी ते वारले. महिन्याभरात मास्तरांनी इंजिन बोटीखालच्या पंख्यासकट मिस्त्रीच्या शेडमध्ये नेऊन टाकलं. त्या जागी पिण्याच्या पाण्याचे कॅन बसले.

"अहो, वारा पडला तर?" बायकोने विचारलं होतं.

"लोकांनी शिडावर जग पालथं घातलं. तेव्हा कुठे होती इंजिनं?" उत्तर तोंडपाठ होतं. उलट बोललेलं ऐकून घ्यायची सवय मास्तरांना शाळेत नव्हती, घरीही लागली नाही.

आज सकाळी दोघं सहज फेरी मारायला निघाले आणि अकराच्या सुमारास वारा पडला. शीड ओल्या चादरीसारखं लोंबू लागलं. ओहोटी बोटीला दीपस्तंभाखालच्या खडकांकडे ओढत होती. मास्तरांनी लांब वल्हं मारून मारून तळहात सोलून घेतले. तरी खडक जवळच येत होते. त्यांच्यावरच्या शेवाळाचा वास नाकात शिरला.

"चुकलं गं माझं..." मास्तर म्हणाले. असं ते जन्मात पहिल्यांदा म्हणत होते.

"आता बोलू नका. वल्हवा."

तेवढ्यात पायाखालून आवाज आला. टक. टक. टक.

मग धडधड सुरू झाली. डिझेलचा वास आला. सुकाणू आपणहून वळलं, बोटीने खडकांना पाठ दाखवली आणि वडील नेत तशीच, सरळ धक्क्याच्या दिशेने निघाली. दोघं एकमेकांचा हात घट्ट धरून बसले होते.

धक्क्याला लागताच आवाज थांबला. मास्तर दोर घेऊन वर चढले. मिस्त्री तिथेच उभा होता.

"मास्तर, दुसरं इंजिन बसवलंत की काय? तुमचं तर माझ्याच शेडमध्ये पडलंय. आत्ताच बघून आलो."

खाली बायकोने झाकण उघडलं होतं. "अहो... इथे नुसते कॅनच आहेत. पण पाणी... कढत आहे हो."

आवाज थांबून किती वेळ झाला होता! पण ती एक टकटक अजून आलीच नव्हती.

"अगं, वर ये! आधी वर ये!"

"आले, झाकण लावते नि..."

झाकण तिच्या हातून सुटून धाडकन लागलं.

टक. टक. टक.

आणि दोर मास्तरांच्या सोललेल्या तळहातांतून सरसरत सुटू लागला.