अकरावं मिनिट

कॉम्प्युटर सुरू झाला, पंखे घरघरले, पडद्यावर निळा उजेड आला. ताईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दुपारचे तीन वीस. बरोबर तीन एकतीसला ‘टक्’ असा आवाज झाला आणि सगळं गप्प. त्या दिवसातली ही तिसरी वेळ.

“मेल्या,” ताई म्हणाली, “मालकासारखाच आहेस तू. बोलता बोलता अर्ध्यात उठून जाणारा.”

म्हणाली खरी, पण मग तिचं तिलाच कसंतरी झालं. मालकाला जाऊन जेमतेम चार महिने झाले होते.

मालक म्हणजे तिचा धाकटा भाऊ. गल्लीत त्याला खटपट्या म्हणायचे, आणि उगाच नाही म्हणायचे. तयार वस्तू आणली तर त्याला झोप लागत नसे. हा कॉम्प्युटरही त्याने घरीच जुळवलेला. कॅबिनेट कुणाच्या तरी अडगळीतलं, पंखे दोन जातींचे, स्क्रू तीन मापांचे. त्यावर तो औषधांच्या खोक्यातल्या त्या बारीक अक्षरातल्या माहितीपत्रकांची भाषांतरं करायचा. ताई फळांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये रात्रपाळीला. तापमान बघायचं, दारं बघायची, कुठे गारवा कमी पडला तर कारण शोधायचं. सव्वीस वर्षं हेच. कामावर तिला गारठाबाई म्हणत आणि तिला ते आवडायचं. दोघांचीही लग्नं राहून गेलेली. ती सकाळी यायची तेव्हा तो कामाला बसायचा, तो आवरायचा तेव्हा ती निघायची. एका घरात राहून भेट काय ती चहापुरती.

त्याला एक सवय होती. रोज पाच मिनिटं माइकसमोर काहीबाही बोलून ठेवायचा. “म्हातारपणी ऐकू दोघं,” म्हणायचा. “तुझी टकळी समोर ऐकते ती पुरे नाही का?” असं म्हणून ताई झोपायला जायची. आता त्याचा आवाज दुसरा कुठेही नव्हता. फोनवर तो बोलायचाच नाही, नुसतं ‘हं’ लिहून पाठवायचा. आणि गेल्या महिन्यात एका सकाळी चहा गाळताना ताईच्या लक्षात आलं, की त्याचा आवाज नेमका कसा होता ते आपल्याला आठवत नाहीये. शब्द आठवतात, आवाज नाही. गाळणी हातात धरून ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली होती.

तर तो आवाज या डब्यात होता, आणि डबा अकरा मिनिटांच्या वर चालायला तयार नव्हता.

कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला भला माणूस. गोल पोटाचा, तोंडाने अखंड बोलणारा, खटपट्याचा दोस्त. पहिल्यांदा त्याने मशीन दुकानात नेलं, तर ते तिथे सुरूच होईना. पॉवर सप्लाय बदलला, तारा बदलल्या, रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या. ढिम्म. घरी आणून टेबलावर ठेवलं, तरी ढिम्म. टेबलाखाली त्याच्या नेहमीच्या जागी, पाठ खुर्चीकडे करून ठेवलं आणि बटण दाबलं, की सुरू.

“हे उलटं का ठेवायचा तो?” दुरुस्तीवाल्याने विचारलं. “पाठीमागून गरम हवा निघते. ती सगळी बसणाऱ्याच्या अंगावर.”

“त्याची खोड,” ताई म्हणाली.

“बरं, राहू दे. लोकांच्या मशीनचे काय एकेक नखरे असतात म्हणता!” तो हसला, पण पुन्हा हलवून पाहायच्या फंदात पडला नाही. त्याने धूळ फुंकली, प्रोसेसरवरचा पंखा नवा बसवला, खालची वाळलेली पेस्ट खरवडून ताजी लावली. मशीन सुरू केलं. पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दिसत होतं. चाळीस. पंचावन्न. सत्तर. नव्वद. अकराव्या मिनिटाला सत्त्याण्णव, आणि टक्.

दुरुस्तीवाल्याने कपाळ पुसलं. “डिस्क काढून दुसरीकडे लावून पाहिली असती, पण खटपट्याने कुलूपच असं घातलंय की याच मशीनवर उघडतं. दुसरीकडे नुसता कचरा दिसतो. आणि बोललेलं सगळं एकाच भल्यामोठ्या फाइलमध्ये बांधून ठेवलंय. अर्धी कॉपी झाली तर काही उपयोग नाही. पूर्ण व्हायला पाऊण तास लागेल.”

“मग?”

“मग काय, ताई, खरं सांगू? डिस्क म्हातारी झालीय. असं धाडकन बंद पडत राहिलं तर ती कायमची बसेल. अजून एकदा, फार तर दोनदा. त्यानंतर मी काय, कुणीच काही करू शकणार नाही.”

ताई रडत बसणाऱ्यातली नव्हे. “पंखा फिरतोय ना?” तिने विचारलं. “मग गरम हवा जाते कुठे? खोली तर तापली नाही.”

आता हे दुरुस्तीवाल्याच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याने मशीन पुन्हा सुरू केलं, गुडघ्यांवर बसून पाठीमागच्या जाळीशी हात नेला आणि झटकन मागे घेतला. खिशातला कागद फाडून त्याची पट्टी जाळीसमोर धरली. पंखा जोरात फिरत होता, आवाज येत होता. पट्टी हलली नाही. जाळीवर कुणी काही दाबून धरलं असावं तशी हवा आतल्या आत कोंडत होती. त्याने जाळी आणि कागद यांच्या मधून फूटपट्टी फिरवली. फूटपट्टी आरपार गेली.

सहाव्या मिनिटाला त्याने स्वतःच मशीन नीट बंद केलं. मग म्हणाला, “मी जरा दुकानातून येतो.” पेचकस तिथेच राहिला. तासाभराने ताईने फोन केला, त्याने उचलला नाही.

ताईला राग आला नाही. एवढ्या बडबड्या माणसाला जिन्यावरून गप्प उतरताना तिने पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून थेट घरी आली आणि पिशवीतून तापमान मोजायचा आपला प्रोब काढला. लांब दांडीचा, दशांशापर्यंत अचूक. कोल्ड स्टोरेजमध्ये ती खोलीचा नकाशा काढायची तशीच इथेही बसली. हातात खडू, गुडघ्याखाली उशी. तिला कामाला लावणारे जुने साहेब म्हणायचे, ‘गारवा येत नसतो, बाई. ऊब जाते. कुठे जाते तेवढं शोधायचं.’ सव्वीस वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं.

खोली सव्वीस अंश. मशीन सुरू केलं. सकाळचं ऊन खिडकीतून टेबलावर पडलं होतं, बाहेर कुणीतरी बादली आपटली. जाळीच्या डाव्या टोकाला सव्वीस. चार बोटं पुढे, चौदा. ताईने प्रोब पुसला, परत धरला. चौदा. आणखी पुढे, परत सव्वीस. मग पुन्हा चौदा.

जिथे जिथे चौदा आलं तिथे ती कॅबिनेटच्या पत्र्यावर खडूचा ठिपका देत गेली. आठव्या मिनिटाला तिने मशीन नीट बंद केलं, मागे सरकली आणि ठिपक्यांकडे पाहिलं.

दोन आकार होते. शेजारी शेजारी, उभे. वर रुंद, मधे निमुळते, खाली गोल. टाचा जमिनीला टेकवून कुणी तळवे जाळीला लावून बसलं, तर जसे दिसतील तसे.

ताईने ते तळवे ओळखले.

कारण त्याचे पाय कायम गार असायचे. लहानपणापासून. झोपेत तिच्या पोटरीला लावायचा आणि ती किंचाळून उठायची. मोठेपणी त्याने मशीन उलटं ठेवलं ते त्यासाठीच. चपला काढून तळवे जाळीला टेकवायचा आणि दिवसभर काम करायचा. “अरे, वारा अडतो त्याचा, तापेल ते!” ती ओरडायची. “तापू दे की, मलाच मिळतंय,” तो म्हणायचा.

आणि त्या दिवशी दुपारी ती झोपून उठली तेव्हा तो याच खुर्चीत होता. मान एका बाजूला. हाक मारली, उत्तर नाही. तिने घाबरून हात धरला, तो गार. म्हणून पायाला हात लावला, तर पाय छान उबदार! तिच्या जिवात जीव आला. ती त्याचे तळवे चोळत बसली, हाका मारत राहिली, शेजारणीने डॉक्टरांना आणेपर्यंत चोळतच राहिली. डॉक्टर म्हणाले, जाऊन चार तास झाले. ते चारही तास मशीन चालू होतं. जन्मभर तापमान वाचणारी बाई, आणि तिला तापमानानेच फसवलं. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

ताई उठली. कपाटातून शेकायची रबरी पिशवी काढली, पाणी उकळलं, पिशवी भरली आणि टेबलाखाली, खुर्ची आणि मशीनच्या मधे ठेवली.

“हे घे,” ती म्हणाली. “हे घे, आणि तेवढं सोड. पाऊण तास फक्त. माझ्यासाठी.”

मशीन सुरू केलं. पेनड्राइव्ह जोडून कॉपी लावली. तापमान एक्क्याऐंशीपर्यंत चढलं.

मग उतरायला लागलं. सत्तर. बासष्ट. अठ्ठावन्न. जाळीतून गरम वाऱ्याचा झोत आला आणि तिच्या तोंडावरचे केस उडाले. ताई हसली आणि हसता हसता रडली. “शहाणा माझा,” म्हणाली.

पाचव्या मिनिटाला पिशवी गार पडली. उकळतं पाणी होतं, पाच मिनिटांत विहिरीतल्यासारखं. तिने धावत जाऊन पुन्हा भरली. पुन्हा पाच मिनिटं. मग चार. स्वयंपाकघर ते टेबल, टेबल ते स्वयंपाकघर, ताईची नुसती धावपळ. दोन पातेली शेगडीवर. पडद्यावरची कॉपीची पट्टी सरकत होती. साठ टक्के. सत्तर. ऐंशी.

ब्याऐंशी टक्क्यांवर गॅस संपला.

पिशवी गार. प्रोसेसरचं तापमान साठ. पंच्याहत्तर. अठ्ठ्याऐंशी.

कामावर पहिल्याच दिवशी शिकवतात, उघडं अंग गोठलेल्या वस्तूला लावायचं नाही. ताईने स्वतः कितीतरी नव्या बायकांना हे दटावून सांगितलं होतं.

त्र्याण्णव.

तिने चपला काढल्या, त्याच्या खुर्चीत बसली आणि दोन्ही पाय टेबलाखाली सरकवले.

आधी काहीच नाही. मग दोन गार तळवे तिच्या तळव्यांना येऊन चिकटले. बोटांना बोटं.

ती किंचाळली नाही. ओठ चावून बसली. पडद्यावर ऐंशी, सत्तर, साठ. पट्टी शेवटाला गेली. काम पूर्ण झाल्याची खूण आली.

पेनड्राइव्ह काढल्यावर मशीन आपोआप बंद झालं. ते पुन्हा कधीच सुरू झालं नाही. आठवड्याने दुरुस्तीवाला आला, मान खाली घालून पेचकस घेतला, मशीनही घेऊन गेला. “जळलंय, ताई. पार राख,” एवढंच म्हणाला.

आवाज मिळाला होता. बसका, थोडा नाकातला. अगदी तोच! पहिल्या शब्दाला ताईने तोंडावर हात धरला. रोज सकाळी कामावरून आल्यावर ती पेनड्राइव्ह फोनला जोडून एकेक दिवस ऐकायची. भाजी, शेजाऱ्यांचं मांजर, एखाद्या औषधाचं भयंकर नाव. मग एका सकाळी शेवटचा दिवस आला.

“ताई झोपलीय,” तो म्हणत होता. “छातीत जरा जड वाटतंय. पायही गार पडलेत आज, मशीनला लावले तरी. तिला उठवावं, म्हणावं जरा बस इथे माझ्याजवळ.” मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. “नको. दमून आलीय बिचारी.”

ताई ओक्साबोक्शी रडली. “उठवायचं होतंस रे,” रिकाम्या खोलीला ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. “उठवायचं होतंस.”

आणि पाय तिने मागे घेतले नाहीत. टेबलाखाली आता मशीन नव्हतं, मोकळी जागा होती. पण ती तिथे बसली की काही क्षणांत ते गार तळवे येत. जागेवरून उठली तरी गारवा उतरत नसे. कामावर लोक म्हणायला लागले, गारठाबाई, हल्ली फार सावकाश चालता.

आज सकाळीही ती बसली. ऊन टेबलावर आलं होतं. तिने प्रोब पायाला लावला. तळवे चौदा, घोटे चौदा, गुडघे सोळा. दुखत अजिबात नव्हतं. तिने एक कोरा कागद घेतला, पट्टीने नीट रकाने आखले आणि आजचे आकडे भरले. वरच्या तीन रकान्यांत तिने फक्त नावं लिहून ठेवली: कंबर, छाती, गळा. मग खुर्ची थोडी पुढे ओढली, म्हणजे त्याला पाय लांबवायला नकोत.