चौदा श्वास

हे माझ्याच घरात घडलं. पटलंच पाहिजे असा आग्रह नाही. पण यातला एकही शब्द रचलेला नाही.

बुऱ्हाणपूर, राजपुरा मोहल्ला. गेल्या नोव्हेंबरातली मंगळवारची दुपार.

आई गेल्यापासून बाबा, निवृत्त मास्तर, तिथे एकटेच राहत. मी नोकरीसाठी इंदूरला. घरात कॅमेरा लावायला त्यांनी साफ नकार दिला होता.

"मी धोतर बदलताना तू इंदूरात बसून बघशील काय रे?"

म्हणून त्यांच्या खोलीच्या भिंतीवर एक लहानसं रडार बसवलं. अंगाला काही बांधायचं नाही. छातीच्या हलक्या हालचालीवरून ते श्वास मोजतं आणि आकडा माझ्या मोबाइलवर येतो.

आकडा दिसू लागला, आणि माझा रोजचा फोन हळूहळू बंद झाला.

एकदा बाबाच म्हणाले, "बेटा, श्वास मोजतो, हालहवाल नाही विचारत."

मी हसण्यावारी नेलं.

त्या मंगळवारी अकराला पाहिलं... मिनिटाला चौदा श्वास.

एक वाजता पाहिलं... चौदा.

चारला... चौदाच.

निवांत झोपले असतील, असं वाटलं.

सव्वापाचला शेजारच्या रंभाबाईंचा फोन आला.

"रितेशभाऊ, सकाळची दुधाची थैली दारातच पडलीये. मास्तरजी आवाज देत नाहीत."

"झोपलेत हो. श्वास चालू आहे, मला इथे दिसतोय."

"तुमची मशीन राहू द्या! मी दहा हाका मारल्या. कडी तोडू का, तेवढं बोला."

मी "तोडा" म्हणालो. फोनवर कडी तोडल्याचा आवाज आला. पावलं...

मग रंभाबाईंचं रडणं.

"मास्तरजी थंड पडलेत हो, भाऊ..."

मी मोबाइलकडे पाहिलं.

चौदा.

डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका सकाळी आला असावा. दुपारपर्यंत जीव होता. वेळेवर कुणी पोहोचलं असतं तर वाचले असते.

कंपनीचा माणूस येऊन सगळं तपासून गेला. यंत्रात दोष नव्हता. पंखा बंद होता, खिडक्या आतून लावलेल्या; खोलीत हलणारं दुसरं काही नव्हतं. त्या दिवसाच्या नोंदीतलं अंतर पाहताना तो थबकला.

"सर, हा श्वास खाटेवरचा नाही... खाटेशेजारी कुणीतरी बसलेलं होतं."

नातेवाईक म्हणतात, तुझी आईच सोबतीला आली असेल. मला ते मानायचं आहे. खरंच मानायचं आहे.

पण आई असती, तर तिने मला घाबरवून बाबांकडे धाडलं असतं. दिवसभर चौदाचा दिलासा दिला नसता.