युद्धातून वाचलेलं झाड

“वाकडं लाकूड आहे का तुमच्याकडे?”

खालापुरातल्या आपल्या वखारीत हमदानला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यानं करवत बंद केली. भुशाचे कण उन्हात तरंगत होते, आणि त्यांच्यापलीकडे एक मुलगी वही छातीशी धरून उभी होती.

“गिऱ्हाइकं सरळ मागतात,” तो हसला. “तुम्हाला वाकडंच का?”

“लाकूड नकोय मला... त्याची गोष्ट हवीय.”

तिचं नाव फराह, कर्जतची. तिचे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात खाडीकाठच्या एका कारखान्यात लष्करासाठी लाकडी जहाजं बांधायचे. आता तिथे नुसतं तिवरांचं रान. त्या कारखान्याचा इतिहास ती लिहीत होती. जहाजाच्या बरगड्यांसाठी मुळातच वाकलेली झाडं लागत, आणि ती इथल्या डोंगरातून जात, एवढंच तिला कळलं होतं.

“पोशादादांना विचारू,” हमदान म्हणाला. “त्यांचे वडील ती झाडं शोधायचे.”

मग दर रविवारी दोघं डोंगराखालच्या ठाकरवाडीवर जाऊ लागले. म्हातारे पोशादादा आठवेल तसं सांगत, फराह लिहून घेई, आणि हमदान... तिच्या कपाळावर येणारी बट बघत राही.

“लक्ष कुठंय तुमचं?”

“इतिहासातच!” तो म्हणे, आणि कानापर्यंत लाल होई.

थंडीतल्या एका सकाळी, दाट धुक्यात, पोशादादा त्यांना वर घेऊन गेले. ऐनाचं एक झाड कमरेत वाकून उभं होतं. बुंध्यावर कुऱ्हाडीची जुनी खूण.

“माझ्या बापानं हेरलं व्हतं,” पोशादादा म्हणाले. “तोडायच्या आधीच लढाई सरली. राहिलं बिचारं.”

आणि ते तंबाखू मळत पुढे गेले.

फराहनं खुणेवर हात ठेवला. “मला कोचीला नोकरी लागलीय... जहाजांच्या संग्रहालयात. दोन वर्षं. पुढच्या महिन्यात निघायचंय.”

पानांवरून धुकं टपटपत होतं.

“‘थांब’ नाही म्हणणार?” तिनं विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “एवढं मनापासून करतेस... जा तू. पण त्याआधी — अब्बांना घेऊन तुझ्या घरी येऊ?”

पहिल्यांदाच तो तिला ‘तू’ म्हणाला होता. फराहनं मान खाली घातली. हमदानला वाटलं, संपलं सगळं.

“उद्या चारला ये,” ती हळूच म्हणाली. “अम्मीच्या चहात साखर फार असते. मुकाट्यानं पी.”

उतरताना त्यानं तिचा हात धरला. वाट निसरडी आहे म्हणून, असं दोघांनीही पोशादादांना सांगितलं.

“हाय, लय निसरडी हाय,” म्हातारा म्हणाला, आणि मागे न बघता चालू लागला.